सात नंबरचा खड्डा

त्याला वर्गात सगळे 'दशांश' म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलं होतं. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत बाकीची पोरं व्होल्टमीटरचा काटा बघून 'दोनशेतीस' लिहीत, तेव्हा हा पठ्ठ्या लिहायचा 'दोनशे एकोणतीस पॉइंट सहा'. मीटर आजोबांच्या वयाचं, काटा काडेपेटीतल्या काडीएवढा जाड. त्यावर पॉइंट सहा दिसणं देवालाही शक्य नव्हतं. पण लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा काही आत्मविश्वास असे की तपासणाऱ्याला वाटायचं, आपलाच चष्मा बदलायला झालाय.

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पोरांना एक विद्या कुणी न शिकवता येते. तिचं नाव रीडिंग बसवणं. मोटर फिरत नाही, मीटर अडकलंय, तास संपायला दहा मिनिटं आहेत आणि जर्नलमधलं कोष्टक रिकामं आ वासून बसलंय. अशा वेळी सूत्र उलटं धरायचं आणि उत्तराकडून आकड्यांकडे मागे मागे चालत यायचं. सगळेच करतात, करत नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो किंवा दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवतो. दशांश त्यातला उस्ताद होता. नवशिक्यांचे आकडे इतके सरळ रेषेत यायचे की सर बघताक्षणी पकडायचे. हा बारांतला एक आकडा मुद्दाम किंचित वाकडा ठेवायचा. ज्युनियर मुलं त्याच्याकडे ही युक्ती शिकायला येत, आणि तो खुर्चीत रेलून, पाय लांब करून, मोठ्या मनाने शिकवायचा.

तिसऱ्या वर्षी विभागप्रमुख मॅडमनी प्रोजेक्ट वाटले. दशांशच्या वाट्याला आला अर्थिंगचा सर्व्हे. कॉलेजच्या आवारात बारा खड्डे होते, त्या बाराही खड्ड्यांचा रेझिस्टन्स मोजायचा आणि रिपोर्ट द्यायचा.

अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत पळून जायला दिलेली वाट. प्रत्येक इमारतीमागे एक खड्डा, खड्ड्यात गाडलेली तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि मीठ, वर लोखंडी झाकण. वाट मोकळी असली की फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. वाट बुजली तर वीज पत्र्यातच बसून राहते आणि पहिला जो कोणी हात लावेल त्याला धरते. वाट किती मोकळी आहे हे ओहममध्ये मोजतात. पाचच्या आत आकडा आला तर उत्तम. आकडा जितका मोठा तितकी वाट बंद.

मॅडमनी त्याच्याबरोबर कॉलेजच्या वायरमनला दिलं होतं. वायरमनकाकांची तीस वर्षं त्याच आवारात गेली होती. कुठलंही नवीन मशीन दिसलं की ते आधी त्याला हाताच्या मागच्या बाजूने हळूच स्पर्श करून बघत. तळव्याने धरलं आणि शॉक बसला तर बोटं मिटतात आणि सुटता सुटत नाहीत. मागची बाजू लावली तर हात आपोआप झटकला जातो. ही सवय त्यांच्या इतकी अंगात भिनली होती की घरच्या फ्रिजलाही ते तसंच विचारून मग दार उघडत. उन्हाळ्यात दर आठवड्याला बाराही खड्ड्यांना दोन-दोन बादल्या पाणी घालायचे, कारण माती कोरडी पडली की वाट बंद होते.

"इंजिनिअरसाहेब," पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "बाकीचे अकरा तू डोळे मिटून मोज. सात नंबर मात्र नीट बघ. लाँड्रीच्या मागचा. मी त्याला चार बादल्या घालतो आणि पाणी जातं कुठे ते कळत नाही. माझं मन म्हणतं, तो गेलाय."

"मग दुरुस्त का नाही करत?"

"दोनदा अर्ज दिला. ऑफिस म्हणतं, तुमच्या मनाचं काही सांगू नका, मोजलेला आकडा आणा. आता तू आलायस. तुझा आकडा आला की त्यांना खणावंच लागेल."

लाँड्रीत एक मावशी होत्या. हॉस्टेलच्या दोनशे पोरांचे कपडे तीन मोठ्या मशीनांत धुवायचं त्यांचं काम. मधल्या मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात असं त्या वर्षभर सांगत होत्या. काकांनी त्यांना दम भरून ठेवला होता: खड्ड्याचं काम होईपर्यंत रबरी चपला घातल्याशिवाय त्या मशीनजवळ जायचं नाही. मावशींचे पाय सुजायचे, चपला चावायच्या, पण त्या बिचाऱ्या निमूटपणे घालत.

पहिले तीन खड्डे दोघांनी मिळून मोजले. काम भलतंच किचकट निघालं. खड्ड्यापासून सरळ रेषेत मोजून अंतर घ्यायचं, दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या, वायरी जोडायच्या, टेस्टर नावाच्या मोजपेटीचा दांडा गरागरा फिरवायचा आणि काटा स्थिर झाला की आकडा लिहायचा. मग खुंटी हलवून पुन्हा तेच. एकेका खड्ड्याला पाऊण तास. तिसरा खड्डा झाल्यावर पंपाची मोटर बंद पडल्याचा निरोप आला आणि काका हातोडा दशांशच्या हातात देऊन गेले.

ऊन मी म्हणत होतं. चौथ्या खड्ड्याशी जमीन दगडासारखी होती; हातोडा मारला की खुंटी वाकायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. दुसऱ्या दिवशी कंट्रोल सिस्टिमचा पेपर होता आणि पुस्तकाची निम्मी पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. दशांशने दोनदा हातोडा मारला, तिसऱ्यांदा स्वतःच्या अंगठ्यावर मारला, आणि सामान गोळा करून सरळ ग्रंथालयात जाऊन बसला. तिथे पंख्याखाली, वीस मिनिटांत, त्याने नऊ खड्डे मोजून काढले.

सातव्यापाशी तो जरा थांबला. काकांना या खड्ड्याचा संशय आहे, म्हणजे इथे एकदम गुळगुळीत आकडा देऊन चालणार नाही. बाकीचे दोन-अडीच आहेत, तर याला थोडा जास्त द्यावा. पण पाचच्या आत, नाहीतर पुन्हा मोजायला लावतील. त्याने लिहिलं: ३.४२. आकडा त्याला स्वतःलाच इतका पटला की क्षणभर त्याला वाटलं, खरोखर तेवढाच असेल.

संध्याकाळी काका पंपाच्या ग्रीसने माखलेले हात पुशीत आले. आल्या आल्या म्हणाले, "सातवा किती आला?"

"तीन पॉइंट बेचाळीस."

काकांनी वहीत वाकून बघितलं. "तीन? नीट बघितलास? खुंट्या लांब ठोकल्या होत्यास ना?"

इथे त्याला वाट होती. 'उद्या परत एकदा बघू' एवढंच म्हणायचं होतं. पण आपल्या कामावर कुणी शंका घेतली की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, काम केलेलं नसलं तरी.

"काका, मीटर सांगतंय. बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, तुमचा अंदाज अगदीच काही चुकला नाही. पण पाचच्या आत आहे. चांगला आहे."

काकांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग हसले, पण ते हसू ओशाळं होतं. "म्हणजे मी वर्षभर उगाचच ऑफिसच्या मागे लागलो होतो म्हण की! वय झालं माझं. बरं झालं बाबा, तू मोजलंस." त्यांनी खिशातून आपली मेंटेनन्सची वही काढली, दशांशला विचारून विचारून बाराही आकडे तिच्यात उतरवून घेतले आणि प्रत्येकापुढे सही केली. जाता जाता लाँड्रीच्या खिडकीशी थांबून त्यांनी आत हाक मारली, "मावशी, तुमचं मशीन पास झालं!"

रिपोर्ट मॅडमना भयंकर आवडला. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, प्रत्यक्ष जमिनीवर उतरून काम कसं करायचं ते याच्याकडून शिका. पोरांनी बाकं वाजवली. दशांशनेही मान खाली घालून थोडी लाज वगैरे दाखवली.

यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, एका सकाळी नऊ वाजता, मधल्या मशीनच्या मोटरची वायर आतून जळाली आणि वीज पत्र्यात उतरली. मावशी ओल्या हातांनी मशीनचं झाकण उघडत होत्या. फ्यूज उडाला नाही. दाराशी कपडे द्यायला आलेल्या एका मुलाने त्यांना थरथरताना बघितलं आणि नशिबाने त्यांना न धरता भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. मावशी जगल्या. पण उजवा तळवा भाजला, पडताना मनगट मोडलं, आणि डॉक्टर म्हणाले की बोटं पूर्वीसारखी मिटतील की नाही ते आताच सांगता येत नाही.

बातमी कळली तेव्हा दशांश मेसमध्ये होता. घास तोंडातच राहिला. 'लाँड्री' हा एकच शब्द ऐकला आणि पुढचं कुणी सांगायची त्याला गरज उरली नाही.

ऑफिसने तीन जणांची समिती नेमली. बाहेरून एक इंजिनिअर आला, त्याने सात नंबरचा खड्डा मोजला. आकडा आला शहाण्णव.

आता गोष्ट कशी फिरली बघा. दशांशला वाटत होतं, शहाण्णव आला म्हणजे आपलं पितळ उघडं पडणार. दोन दिवस तो जीव मुठीत धरून बसला. पण झालं भलतंच. समितीने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले: दोन महिन्यांपूर्वी विभागाने मोजला तेव्हा ३.४२, आज ९६. मग मधल्या दोन महिन्यांत वायरमनने केलं काय? वहीत त्याचीच सही आहे, खड्डा चांगला होता हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात देखभाल सोडून दिली. रिपोर्टवर कुणी बोट ठेवलं नाही. कोण ठेवणार? त्यात दोन दशांश होते.

सगळ्यात वाईट म्हणजे, काकांनी ते मान्य केलं. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून ते भेटेल त्याला सांगत होते, "हो, चुकलंच माझं. आकडा चांगला आला म्हणून मी सातव्याच्या दोन बादल्या कमी केल्या. बाकीच्यांएवढंच पाणी घालायला लागलो. मला मेल्याला काय माहीत तो इतका सुकेल!" निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांना कामावर यायला मनाई झाली, आणि पुढच्या बैठकीत कायमचं काढणार अशी कुजबुज सुरू झाली. ते रोज सकाळी घरून निघत आणि कामावर जाण्याऐवजी हॉस्पिटलात जाऊन मावशींच्या वॉर्डाबाहेर बसत.

दशांशने त्यांना तिथे बघितलं. तो मावशींना बघायला म्हणून गेला होता आणि जिन्यातूनच परत फिरला. काका भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर उलटे ठेवून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला उठून वाट देत होते. हे सगळं माझं आहे, दशांशच्या मनात आलं. हे बसणं माझं आहे आणि हा माणूस माझ्या जागी बसलाय. त्याला स्वतःची शिसारी आली. तरीही तो जिना उतरून खाली आला, आणि उतरताना पायांचा आवाज होऊ नये याची काळजी घेतली.

चार दिवस तो स्वतःशी वकिली करत राहिला. मी वायर जाळली का? नाही. मशीन जुनं होतं. ऑफिसने वर्षभर खड्डा खणला नाही, ते गुन्हेगार नाहीत का? आणि मोजला असता तरी दोन महिन्यांत त्यांनी तो दुरुस्त केलाच असता कशावरून? मुद्दे बिनतोड होते. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी त्याला काकांचं ओशाळं हसू दिसायचं आणि सगळं मुसळ केरात जायचं.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. त्याची ताई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची. घरात आई जितकी मऊ, तितकी ही कडक.

"आई म्हणते तू फोनवर नुसता हं-हं करतोस. काय झालंय? नापास झालायस का?"

"नाही गं. ताई, एक विचारू? तुमच्याकडे कधी कुणी... म्हणजे मशीन बंद आहे, गर्दी आहे, म्हणून न तपासताच आकडा लिहितं का?"

पलीकडे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं.

"कुणाचा आकडा ठोकून दिलास?" ताई म्हणाली.

"मी कुठे म्हणतोय मी..."

"गाढवा, तू तिसरीत असल्यापासून 'एक विचारू' म्हणून स्वतःचंच सांगतोस. बोल."

तो बोलला. पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, आणि बोलताना त्याच्या लक्षात आलं की सगळं सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. शेवटी ताई म्हणाली, "त्या काकांना माहितीय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोयस? मी काय करू त्याचं?" आणि तिने फोन ठेवला.

काका त्याला हॉस्पिटलच्या फाटकाशी सापडले. घरी जायला निघाले होते. त्याला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे साहेब! आज मावशींनी चमचा धरला. डाव्या हाताने, पण धरला."

दशांशने ठरवलं होतं की आधी सगळी पार्श्वभूमी सांगायची: ऊन, कडक जमीन, पेपर. प्रत्यक्षात तोंडातून निघालं एवढंच: "काका, सातवा मी मोजलाच नव्हता. आकडा मनाने लिहिला."

काकांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, ते ओरडतील, कदाचित एक ठेवूनही देतील, असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर तो त्याचीच वाट बघत होता. काकांनी त्याचा दंड घट्ट धरला.

"म्हणजे तेव्हाही खराबच होता?"

"असणारच. दोन महिन्यांत तिनाचे शहाण्णव होत नाहीत. दोन बादल्यांनी तर नाहीच नाही."

"म्हणजे मी पाणी कमी केलं म्हणून नाही झालं?"

"नाही, काका."

"मी म्हणत होतो तेच खरं होतं?"

"हो."

काका फाटकाच्या कठड्यावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हसत होते आणि रडत होते. "अरे, मी रात्रंदिवस मोजतोय, कुठल्या आठवड्यात किती पाणी घातलं. बायकोला म्हटलं, माझ्या हातून बाई मरता मरता वाचली. तीस वर्षं मला माझ्या हाताचा भरवसा होता, तो गेला होता रे." दशांश समोर उभा होता. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याने त्या घेतल्या असत्या; हा आनंद त्याला घेता येईना. त्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

मग एकाएकी काकांचं रडणं थांबलं. त्यांनी तोंड पुसलं आणि वर बघितलं.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठले?"

"बाकीचे अकरा. ते मोजलेस ना?"

लाज तशी गमतीची वस्तू आहे. चार दिवस रात्रीची झोप उडालेला हा मुलगा फक्त सात नंबरचा विचार करत होता, कारण बोभाटा सात नंबरचा झाला होता. उरलेले आठ आकडे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. तो आत्ता कबुली द्यायला आला होता तोही पकडल्या गेलेल्या आकड्याचीच.

"पहिले तीन," तो म्हणाला. "आपण मिळून केले तेवढेच."

काका उठले. त्यांच्या आवाजात आता ना राग होता ना दुःख. "नववा मुलींच्या हॉस्टेलच्या गिझरचा आहे. अकरावा मेसच्या फ्रीझरचा. चल."

"काका, तुम्हाला आत यायला मनाई..."

"चल म्हटलं ना!"

कॉलेजच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने काकांना अडवलं नाही. काका ज्या चालीने आले त्या चालीपुढे त्याची हिंमत झाली नसावी. दोघांनी गिझर बंद केले, मेसचा फ्रीझर बंद केला, कार्यशाळेची मेन लाइन पाडली. आरडाओरडा झाला, मेसचा मॅनेजर धावून आला. काका म्हणाले, "मॅडमना बोलवा," आणि मॅडम आल्या. दशांशने तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांना सांगितलं. मॅडमनी स्वतःच्या किल्लीने कपाट उघडून टेस्टर काढून दिला, आणि मोजणी चालली तेवढा वेळ पदर खोचून उन्हात उभ्या राहिल्या.

उरलेले आठ खड्डे मोजायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. या वेळी खुंट्या दशांशने ठोकल्या, सगळ्या. तळहाताला फोड आले. आकडे आले २.१४, २.६३, २.३८... आठच्या आठ पाचच्या आत. सहावा तर त्याने ग्रंथालयात बसून लिहिलेल्या आकड्याशी दोन्ही दशांशांपर्यंत तंतोतंत जुळला. बाराव्यावर काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दशांशला मात्र भडभडून आलं. बारांपैकी एकच खराब होता, आणि नेमका तोच नीट बघ म्हणून त्याला सांगितलेलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने समितीला लेखी दिलं. समितीने काकांची मनाई उठवली आणि दशांशला सांगितलं की तुझं काय करायचं ते पंधरा दिवसांत कळवू. वर्षही जाऊ शकतं, कॉलेजही. मॅडमनी बाहेर आल्यावर त्याला फक्त एवढंच विचारलं, "आधीच्या वर्षांची जर्नल्स?" तो म्हणाला, "बरीचशी." त्या मान हलवून निघून गेल्या.

त्याला वाटलं, आता संपलं. काकांना ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "मावशींना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं वॉर्डात गेले. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, भाजलेल्या बोटांना पांढरं मलम. काकांना बघून त्या हसल्या. मग याच्याकडे बघून म्हणाल्या, "हा तोच ना, चष्मेवाला? याचे शर्ट ओळखते मी. खिशात पेन उघडं ठेवतो, शाई काढता काढता जीव जातो."

"मावशी," दशांश म्हणाला, आणि त्याची नजर त्या बोटांवरच अडकली.

मावशींना वाटलं, पोरगा हात बघून घाबरला. त्याच त्याची समजूत काढायला लागल्या. "अरे, दिसतं तेवढं नाही दुखत. आणि चूक माझीच आहे. काका वर्षभर सांगत होते चपला घाल, चपला घाल. मशीन पास झालं म्हटल्यावर मी त्याच दिवशी काढून टाकल्या. पाय सुजतात ना माझे. दोन महिने जिवाला आराम पडला, त्याची ही शिक्षा. घातल्या असत्या तर एवढं झालं नसतं."

दशांशने काकांकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते. ते काहीच बोलणार नव्हते, हे त्याला कळलं.

"मावशी, तुमची चूक नाही. मशीन पास झालंच नव्हतं. तो खड्डा मी मोजायचा होता, मी मोजला नाही. खोटा आकडा लिहिला. काकांना मी खोटं सांगितलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं."

मावशींनी ते नीट ऐकून घेतलं. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून इकडे बघायला लागली. मावशींनी आधी काकांकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"का रे?"

चार दिवस केलेली सगळी वकिली त्याच्याजवळ होती. ऊन होतं, जमीन कडक होती, सगळीच पोरं करतात. त्यातलं एकही इथे सांगण्यासारखं नव्हतं. जे सगळ्यात खरं होतं तेच सगळ्यात फालतू होतं.

"दुसऱ्या दिवशी पेपर होता," तो म्हणाला.

मावशींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बोलण्यात टोमणाही नव्हता. घरचं पोर परीक्षेहून आल्यावर कुणीही विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"मग, पास झालास?"

"झालो," दशांश म्हणाला.